कोपनहेगनमध्ये सायकल: गाइडबरोबर की आपली आपण?

आम्ही दोन्ही केलं, पहिल्या दिवशी गाइडेड टूर आणि दुसऱ्या दिवशी नुसती सायकल भाड्याने घेतली, आणि खरं सांगू का, हाच क्रम बरोबर आहे.

कारण तिथले नियम. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, तिथे सगळं उजवीकडून. त्यात डावीकडे वळायचं तर चौकात मध्ये घुसून वळता येत नाही, आधी सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे थांबायचं आणि मग त्या बाजूचा सिग्नल बघून निघायचं. थांबताना हात खांद्याएवढा वर करायचा, नाहीतर मागचा येऊन धडकतो, कारण ऑफिसला निघालेली माणसं जोरात असतात हो! गाइडने हे आधी एका शांत गल्लीत करून घेतलं तेव्हा कुठे भीती गेली.

पण टूरमध्ये ग्रुप थांबला की थांबा, फोटो झाले की चला. एकटं फिरताना मी सिकेलस्लांगेनवर, म्हणजे 2014 साली झालेल्या त्या केशरी वळणदार सायकल पुलावर, तीनदा गेले, खाली पाणी आणि बाजूला बिल्डिंगा, मनच भरेना. नोरेब्रोगाडे नावाच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी ताशी 20 किमीचा स्पीड धरला की सिग्नल एकामागून एक हिरवे मिळत जातात, ती मजा थांबत थांबत जाणाऱ्या ग्रुपमध्ये नाही.

एकच दिवस असेल आणि सायकलची सवय सुटली असेल तर मात्र टूरच घ्या.