चहाच्या आधणासाठी इलेक्ट्रिक किटली घ्यावी का?

दीड लिटरची, १५०० वॅटची स्टीलची किटली. घरात चार-सहा कप चहा एकदम होत असेल तर जरूर घ्या. दोघांच्याच चहाला मात्र गॅसवरचं छोटं पातेलंच बरं. दोन कपांना पाणी लागतं २०० मिली आणि बहुतेक किटल्यांची खालची खूण असते अर्ध्या लिटरवर. म्हणजे दुपटीहून जास्त पाणी उगाच तापवायचं. दोन कपांचं पाणी लहान बर्नरवर झाकण ठेवलं तर तीनेक मिनिटांत उकळतं. ज्योत बुडाबाहेर जाऊ देऊ नका, ती आच फुकट जाते.

लिटरभर पाण्याला किटली चार-साडेचार मिनिटं घेते, वीज ०.१ युनिटच्या आसपास. रोज एकदा धरलं तर महिन्याला तीन युनिट. गृहज्योतीच्या (कर्नाटकातली घरगुती मोफत विजेची योजना) मर्यादेत बसणाऱ्या घराला ते जाणवतही नाहीत. खरी अडचण व्होल्टेजची. संध्याकाळी २३० चं १८० झालं की हीच किटली जेमतेम ९०० वॅटवर येते आणि चार मिनिटांची सात होतात. बिघडली म्हणून दुकानात नेण्याआधी व्होल्टेज बघा. बेळगावजवळच्या खानापूरकडे पावसात वीजच जाते, तिथे गॅस हवाच.

किटली आपोआप बंद होत नसेल तर आधी झाकण तपासा. वाफ आतल्या भोकातून स्विचपर्यंत पोचली तरच ती बंद पडते. झाकण उघडं राहिलं तर पाणी आटेपर्यंत उकळतच राहतं. दूध तर आत कधीच घालू नका. तळाला करपतं, आणि वाफेने स्विच पडण्याआधीच फेस उतू जातो.

बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, ओतताना आणखी निवतं. नुसतं ओतून चहापूड भिजवली तर आपल्याला हवा तसा कडक चहा होत नाही. आधण पातेल्यात ओतून पूड, साखर, आलं घाला, गॅसवर दोन मिनिटं खळखळू द्या, मग दूध.

इंडक्शनही झटपट, पण बुडाला चुंबक चिकटायला हवं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. बादलीचा रॉड चहाच्या पाण्यात नको.

बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो, मग किटली आवाज करते आणि वेळही जास्त घेते. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून उकळा, अर्ध्या तासाने ओतून दोनदा विसळा. घेताना हात आत जाईल एवढं तोंड रुंद बघा, आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.