नवी पेठेतली लष्करी घड्याळं: डायल नको, पाठ बघा

नवी पेठेतल्या एका चिंचोळ्या दुकानात जुनी चावीची घड्याळं दुरुस्त होतात आणि विकलीही जातात. दुरुस्तीला डोळे झाकून जावं. खरेदीला जाताना मात्र भिंग खिशात असू द्या.

विक्रीचा खरा माल काचपेटीच्या खालच्या खणात आहे: दुसऱ्या महायुद्धातली, स्विस बनावटीची लष्करी घड्याळं. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, ‘तटस्थ देशाचं, म्हणून विश्वासाचं’. किंमत निम्मी या चिठ्ठीचीच वाटते. स्वित्झर्लंड तटस्थ होता हे खरं, पण जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्याच्या भोवती जर्मनी-इटलीचा जवळजवळ पूर्ण वेढा पडला. कोळसा जर्मनीकडून यायचा, बदल्यात तोफा आणि यंत्रं तिकडे जायची. ब्रिटनलाही घड्याळं पोचतच होती. शाफहाउझेन गावच्या आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने १९४० मध्ये जर्मन हवाई दलासाठी ५५ मिलिमीटरची घड्याळं केली आणि १९४५ मध्ये ब्रिटिश लष्करालाही पुरवठा केला. मधल्या काळात, १ एप्रिल १९४४ रोजी, त्याच गावावर अमेरिकी विमानांनी चुकून बॉम्ब टाकले. ४० माणसं गेली.

म्हणून घड्याळ कुणाच्या मनगटावर होतं हे डायलवरच्या नावावरून ठरत नाही, पाठीवरून ठरतं. ब्रिटिश मालावर रुंद बाण (सरकारी मालाची खूण) आणि तीन डब्ल्यू (‘वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ’) असतात, जर्मन भूदलाच्या मालावर डी. एच. आणि क्रमांक. पाठ डी. एच.ची आणि डायलवर बाण, असं दिसलं तर तुकडे जोडलेले आहेत. तीन डब्ल्यूवाली घड्याळं १२ कंपन्यांची: काळी डायल, १५ ज्वेल्स (घर्षण कमी करणारे खडे), सहाच्या जागी छोटा सेकंद काटा. त्यातलं ग्राना कंपनीचं सर्वांत दुर्मीळ, त्यामुळे ते समोर आलं की आनंदाआधी शंका घ्यावी. डायल वेगळी दिसली म्हणून लगेच बनावट म्हणू नका. युद्धानंतर लष्करानेच अनेक डायल बदलल्या. वर्तुळात टी असेल तर ती ट्रिटियमच्या चमकत्या रंगाची, नंतर बसवलेली. अंक फुगीर, कडा पसरट आणि रंग चकचकीत नवा असेल तर मात्र ती हल्ली रंगवलेली आहे. या खणात अशा बऱ्याच आहेत आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दुकानाची खरी चूक रेडियमची, म्हणजे अंक अंधारात चमकावेत म्हणून रंगात घातलेल्या किरणोत्सारी धातूची. अंकांवरचा तपकिरी थर आता चमकत नाही, कारण त्यातलं उजेड देणारं झिंक सल्फाइड थकलं. रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात, ते तसंच आहे. अशी डायल इथे उघड्या टेबलावर ठेवून रबरी फुग्याने धूळ उडवतात. थर खरवडायचा नाही, नवा रंग भरायचा नाही, हे घड्याळ देतानाच बजावून सांगा.

बाकी हात उत्तम. मशीन पूर्ण सुटं करतात, नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून परत देत नाहीत. ताशी १८,००० ठोके तपासणी यंत्रावर मोजून दाखवतात. बॅलन्सचा (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका २०० अंशांच्या खाली असेल तर आधी मेनस्प्रिंग (चावीची स्प्रिंग) आणि घट्ट झालेलं तेल बघतात. घड्याळ अचानक मिनिटंच्या मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुधा हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलेलं असतं. ते काम समोरच होतं. बॅलन्सची दांडी तुटली असेल तर थांबावं लागतं, लेथवर नवी करतात. जुन्या मशीनमध्ये बरेचदा धक्का सोसायची सोय नसते, एकदा फरशीवर पडलं की दांडी गेलीच. पॅकिंगचा भरवसा नाही; पाणी सोडाच, यंत्रमागाच्या शेडमधली कापसाची धूळही आत शिरते.

चिठ्ठीतल्या ‘विश्वासा’बद्दल एवढंच: ऑगस्ट १९४२ मध्ये स्वित्झर्लंडने ज्यू निर्वासितांना सीमा बंद केली. राइक्सबँक या जर्मन मध्यवर्ती बँकेकडून घेतलेल्या सोन्यापायी १९४६ च्या वॉशिंग्टन करारात २५ कोटी फ्रँक द्यावे लागले, आणि पुरती चौकशी व्हायला १९९६ ते २००२ उजाडलं. घासाघीस करताना मालकांना हे सांगून बघायला हरकत नाही.

पट्टा इथला घेऊ नका. या घड्याळांच्या पट्ट्याच्या दांड्या बहुतेक वेळा केसला पक्क्या असतात, स्प्रिंगच्या नसतात. अशांना पाठीखालून जाणारा एकसंध कापडी पट्टा लागतो, बहुतेकांना १८ मिलिमीटरचा. दुकानात तो नाही, आणि दोन तुकड्यांचा चामडी बसवायला दांडी कापू का, असं विचारलं तर सरळ नाही म्हणा.