ऑडॅसिटी की रीपर?

फोंड्यात जुलैमध्ये कौलारू घरात गिटार रेकॉर्ड करायची म्हणजे पावसाशी जुगलबंदी. तो जरा थांबला की दोन-तीन टेक उरकायचे, एवढीच मुभा.

ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर, 2000 सालापासून फुकट. उघडा, लाल बटण दाबा, वाजवा. पंख्याची घरघर काढायला आधी नुसत्या घरघरीचा तुकडा निवडून नमुना द्यायचा. जास्त काढलीत तर तारा पत्र्याच्या वाटतात, सांगून ठेवतो. 3.2 आवृत्तीपासून इफेक्ट वाजता वाजता बदलता येतात.

रीपर हेही तसलंच सॉफ्टवेअर, विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम काढणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचं. 60 दिवस मोफत, मग घरगुती परवाना 60 डॉलरला. मेनू बघून पहिल्यांदा घाबरायला होतं. पण एकाच जागी पाच टेक घ्या, पहिल्यातला मुखडा चौथ्यातल्या अंतऱ्याला जोडा. मूळ रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. उघडीप बघून वाजवणाऱ्याला आणखी काय हवं? नुसती चाल टिपून ठेवायची तर ऑडॅसिटी पुरे. गिटारवर गळा चढवायचा असेल तर मी रीपरच उघडतो.

माईक मात्र गिटारच्या भोकासमोर नको, बाराव्या फ्रेटकडे (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीकडे), वीतभर लांब. तिथे दोन्ही सॉफ्टवेअर सारखीच हतबल.