कोल्ड गॅस की पल्स्ड प्लाझ्मा? छोट्या उपग्रहाचा थ्रस्टर निवडताना

संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या एखाद्या कॉलेजात बसून ३यू क्यूबसॅट (दहा सेंटिमीटरचे तीन घन एकावर एक, एवढा छोटा उपग्रह) करायचा विचार असलेल्या टीमसाठी हे लिहितोय. क्यूबसॅटची बाकी प्राथमिक माहिती तुम्हाला आहे असं धरून चालतो.

थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला अवकाशात ढकलणारं छोटं इंजिन, हवाच का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, त्यात थ्रस्टर नव्हता. पण काम संपल्यावर उपग्रह खाली आणायची जबाबदारी आता वाढतेय, इस्रोनंही २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट ठेवलंय. हॉल थ्रस्टर (विजेवर चालणारं इंजिन) किंवा हिरव्या, म्हणजे कमी विषारी, इंधनाचं इंजिन उत्तमच. बेलाट्रिक्स या कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये पोएम-३ वर (पीएसएलव्हीच्या शेवटच्या टप्प्याचा इस्रो करते तो प्रयोगमंच) आपली यंत्रं पाठवलीही. पण कॉलेजच्या बजेटात ते बसवणं कठीण. मग उरतात दोन, आणि आम्ही दोन्ही हाताळलेत: ब्युटेनसारखा द्रवरूप गॅस नॉझलमधून सोडायचा कोल्ड गॅस थ्रस्टर, आणि टेफ्लॉनच्या कांडीवर ठिणगी पाडून तिचा पातळ थर प्लाझ्मा (विद्युतभारित तप्त वायू) करून फेकणारा पल्स्ड प्लाझ्मा थ्रस्टर, म्हणजे पीपीटी.

कागदावर काय दिसतं ते आधी सांगतो. चार किलोच्या उपग्रहात ३०० ग्रॅम ब्युटेन, विशिष्ट आवेग (इंधन किती काटकसरीनं वापरलं जातं त्याचं माप) साधारण ६५ सेकंद, म्हणजे वेगात सेकंदाला ५० मीटरचा बदल. त्याच उपग्रहात ५० ग्रॅम टेफ्लॉन, विशिष्ट आवेग ६०० धरला, तर ७४ मीटर. साडेपाचशे किलोमीटरच्या कक्षेतून खाली यायचं तर पहिल्यात नव्वदेक किलोमीटर, दुसऱ्यात सव्वाशेच्या वर. ब्युटेनला अर्ध्या लिटरपेक्षा मोठी टाकी लागते, ते ५० ग्रॅम टेफ्लॉन मात्र मुठीत मावतं. पीपीटीचा कपॅसिटर (ठिणगीसाठी वीज साठवणारा भाग) आणि हाय व्होल्टेजचं सर्किट जागा खातात, हेही खरं.

कोल्ड गॅसची बाजू कमकुवत नाही. धक्का जोरकस, हिशेब सरळ. कॅनडाचे कॅनएक्स-४ आणि कॅनएक्स-५ हे जुळे उपग्रह २०१४ मध्ये श्रीहरिकोट्याहूनच गेले आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या जोरावर एकमेकांपासून ५० मीटरपर्यंतच्या अंतरावर ठरलेल्या रचनेत उडाले. तोच वायू आपल्याकडे सबस्टेशनच्या ब्रेकरमध्ये असतो. असं काम पीपीटीच्या आवाक्यातलं नाही. शिवाय वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणारी इतकी वर्कशॉप आहेत की टाकी, नॉझल, फिटिंग सगळं घराजवळ होतं. गॅस सलग सोडला की लग्नातल्या मोठ्या शेगडीच्या सिलिंडरसारखी टाकी गारठते आणि दाब उतरतो. त्यावर हीटर बसवून भागतं.

माझं घोडं अडलं ते गळतीपाशी.

गळती म्हटली की आपण फुसफुस ऐकू येईल, साबणाच्या पाण्यात बुडबुडे दिसतील असं समजतो. इथं तसलं काही होत नाही. व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे झडप जिथे टेकते तिथे, डोळ्याला न दिसणारा कण बसतो, किंवा रबर ब्युटेनमध्ये राहून किंचित फुगतं, आणि टाकी नुसती हलकी होत जाते. ती हलकी होतेय हे आम्हाला कळलं सराफ्यातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर. व्हॉल्व्ह बदलला, सीट घासली, जोड वेल्ड करून घेतले. थोडे दिवस बरं चालायचं, मग एप्रिल-मेचं ऊन सुरू झालं की खोलीच तापायची, टाकीतला दाब चढायचा आणि काटा पुन्हा खाली. पुरवठादार म्हणायचा, एवढं चालतं. चालतही असेल. पण आठवड्याला अर्धा ग्रॅम धरला तरी दोन वर्षांत पन्नासेक ग्रॅम, म्हणजे इंधनाचा सहावा हिस्सा उड्डाणाआधीच गेला.

आणि दोन वर्षं ही अतिशयोक्ती नाही. विद्यार्थी उपग्रहांना थांबावं लागतं. ‘स्वयम्’चं काम २००८ ला सुरू झालं होतं. टीमची पोरं पास होऊन नोकरीला लागतात तरी उपग्रह कपाटातच. गॅस शेवटी श्रीहरिकोट्याला भरू म्हणाल, तर त्या धावपळीत ज्वलनशील गॅस भरायची परवानगी कॉलेजच्या टीमनं मिळवणं मला तरी अवघड वाटतं. वर गेल्यावरही प्रश्न संपत नाही, कारण गळणारा गॅस उपग्रहाला ढकलत राहतो. मंगळापर्यंत गेलेल्या नासाच्या मार्को-बी या क्यूबसॅटच्या कोल्ड गॅस थ्रस्टरलाही गळतीनं सोडलं नव्हतं. तो मोहीम फत्ते करून गेला, पण त्याला सांभाळायला मागे नासाची माणसं होती.

टेफ्लॉनची कांडी गळत नाही. कपाटात ठेवा, उन्हाळे जाऊ द्या, वजन तेवढंच. दाबाची टाकी नाही, व्हॉल्व्ह नाही. कांडी पुढे सरकवणारी स्प्रिंग, एवढाच काय तो हलता भाग.

पीपीटीचे ताप आहेत, आणि ते आम्ही भोगले. क्षणभरात हजारो अँपिअर वाहतात, त्यामुळे ठिणगी पडली की शेजारचा ऑनबोर्ड कॉम्प्युटर रिसेट. शील्डिंग केलं, ठिणगीच्या क्षणी डेटा बस (भागांमध्ये माहिती नेणाऱ्या तारा) गप्प ठेवली, तेव्हा कुठे तो शहाण्यासारखा वागू लागला. टेफ्लॉनच्या तोंडावर काजळी धरते. कॅमेरा जवळ असेल तर भिंगावरही थर बसू शकतो. चाचणीला चांगली निर्वात पोकळी लागते आणि पंप निम्म्यात असताना लाइट जाते. (औंढा नागनाथला लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या यायच्यात. आमचं चेंबर पिंपाएवढं, तरी तोंडाला फेस येतो.)

ते ७४ मीटर मिळवायला दोन ज्यूलच्या सुमारे एक कोटी ठिणग्या लागतात. सेकंदाला एक धरली तरी चार महिने अखंड. एवढ्या पडतील यावर मी पैज लावणार नाही. निम्म्याच पडल्या तर ३७ मीटर, म्हणजे गॅसच्या ५० पेक्षा कमी. पण ते ५० गळती वजा न करता काढलेले आहेत.

तेव्हा दोन उपग्रह जोडीनं उडवायचे असतील, किंवा टक्कर टाळायला झटकन सरकायचं असेल, तर गॅसच घ्या. मात्र दोन व्हॉल्व्ह एकामागे एक लावा आणि टाकीचं वजन वहीत लिहीत चला. काम सावकाश खाली यायचं असेल आणि उड्डाणाची तारीख कुणाच्याच हातात नसेल, तर मी पुन्हा पीपीटीच घेईन. जमलं तर आधी पोएमवर नुसता थ्रस्टर पाठवून पाहा. आणि पहिल्या खरेदीत कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर घ्याच. मुलं उत्साहात आधी हात घालतात आणि मीटर नंतर लावतात.