सेटिंगमधले ७५ हर्ट्झ अन् माझे दोन हजार

कापसाचा चुकारा हातात आला त्याच आठवड्यात धाकट्या भावानं गेमसाठी मॉनिटरचा तगादा लावला. तालुक्याच्या गावी जुन्या कॉम्प्युटरचं एक दुकान आहे. टेबलावर दोन मॉनिटर, दिसायला जुळे. एक ४,५०० चा, दुसरा ६,५०० चा. "हा साठवाला अन् हा पंच्याहत्तरवाला. गेमिंगचा आहे भाऊ," दुकानदार म्हणाला. हे आकडे हर्ट्झचे, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो त्याचे. तो हे म्हणाला आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर सेटिंग उघडून त्यानं ७५ दाखवलंही. मी आकडा पाहिला, मॉनिटर उलटा करून पाहिला नाही.

जोडून द्यायला त्याचा पोरगा घरी आला. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, पडदा क्षणभर काळा झाला, अन् अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये ७५ हर्ट्झ आले. नुसता मॉनिटर जोडायला पेन ड्राइव्ह काहून लागते, हे तेव्हा सुचलं नाही.

पावसाळ्यात लाइन जा-ये करून एक दिवस विंडोज उडालं. नवीन टाकलं तर यादीत फक्त ६०. दुकानदाराला फोन केला. "ड्रायव्हर उडाला असन. पोराले पाठवतो, पाचशे लागतीन."

नशीब, पोळ्याला नागपूरचा मावसभाऊ आला होता. त्यानं मॉनिटर आपल्या लॅपटॉपला जोडला. तिथंही ६०. मग मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. तिथंही ६०! "दादा, तुले बनवलं त्यानं."

त्यानं सांगितलं ते असं. मॉनिटर आपल्याला काय झेपतं याची माहिती, म्हणजे ईडीआयडी, कॉम्प्युटरला देतो आणि सेटिंगमधली यादी त्यावरून बनते. कस्टम रिझोल्युशन युटिलिटी नावाचा एक फुकट प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग साठवतं तिथं, त्या माहितीवर आपण भरलेली माहिती चढवतो. म्हणजे ७५ लिहिलं होतं माझ्या कॉम्प्युटरमध्ये, मॉनिटरमध्ये नव्हे. म्हणूनच विंडोजसोबत ते गेलं. प्रोग्राममध्ये खोट नाही. कित्येक मॉनिटर असे थोडे जास्त खरोखर चालतातही.

माझा चालतो का, तेही पाहिलं. त्यानं तोच प्रोग्राम उतरवून पाच मिनिटांत ७५ परत आणले, एक पैसा न लागता. मग फ्रेम स्किपिंगची, म्हणजे मॉनिटर मधली चित्रं गाळतो का याची, चाचणी लावली. पडद्यावर चौकोन ओळीनं उजळत जातात, मोबाइलचा शटर हळू ठेवून फोटो काढायचा. सलग उजळलेले दिसले तर ठीक. आमच्या फोटोत दर पाचवा चौकोन काळा. मॉनिटर ७५ घेत होता अन् १५ टाकून देत होता.

उलटंही होतं बरं. खरा १४४ चा मॉनिटर असला तरी जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर फुल एचडीत १२० च दिसू शकतात. तेव्हा भांडायच्या आधी केबल अन् पोर्ट पाहा. आणि जुना मॉनिटर घ्यायला जाताना स्वतःचा लॅपटॉप न्या, मॉडेल नंबर तिथंच शोधा, बिलावर हर्ट्झ लिहून घ्या. माझ्याकडं बिलच नव्हतं, कागदाच्या कपट्यावर नुसती रक्कम.

तो कपटा घेऊन दुकानात गेलो. "सेटिंगमध्ये दिसत होते ना तुमाले?" एवढंच उत्तर मिळालं. जुळ्यातला दुसरा मॉनिटर अजून टेबलावरच होता. आता त्याच्यावरही '७५ हर्ट्झ, ६,५००' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती.