गुडघ्याचं ऑपरेशन: एमएच की ईसीएचएसचं खाजगी हॉस्पिटल?

वडील लष्करातून हवालदार म्हणून रिटायर झाले. घरात गुडघे बदलायची वेळ दोनदा आली. वडिलांचा गुडघा मिलिटरी हॉस्पिटलात (एमएच) झाला, आईचा ईसीएचएसमधून, म्हणजे निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेतून, खाजगीत. दोन्हीकडे रात्री काढल्यात, म्हणून लिहितोय.

एमएचमध्ये बिलाचा विषयच निघत नाही. कुणी ‘वरचं इम्प्लांट घ्या’ म्हणत मागे लागत नाही. पण आधी सेवेतले जवान, मग आपण. निवृत्तांना जागा असेल तरच. वडिलांना तारीख मिळेपर्यंत पावसाळा गेला. त्यात आम्ही सातारकर, नातेवाइकांनी डबा आणायचा तो पुण्यापर्यंत.

निवृत्तांना आणि त्यांच्या घरच्यांना उपचार मिळावेत म्हणून १ एप्रिल २००३ ला ईसीएचएस सुरू झालं. जागोजागी नवी हॉस्पिटलं बांधण्यापेक्षा पॉलिक्लिनिकं, म्हणजे योजनेचे बाह्यरुग्ण दवाखाने, काढायची आणि मोठे उपचार पॅनलवरच्या खाजगी हॉस्पिटलांतून करून घ्यायचे. सरकार पैसे देतं सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) ठरलेल्या दराने, हॉस्पिटलच्या रेटकार्डाने नाही. सरकारचा खर्च आवरतो तो इथे, आणि आपल्याला त्रास होतो तोही इथेच. दर कमी आणि बिलं उशिरा सुटतात, म्हणून काही हॉस्पिटलांत कार्ड दाखवलं की चेहरा बदलतो. एका ठिकाणी काउंटरवर ‘जनरल वॉर्ड फुल आहे, फरक भरून वरची रूम घ्या’ असं ऐकवलं. हवालदाराच्या कार्डावर जनरल वॉर्डच लागू. फरक भरायचा नव्हता, म्हणून आम्ही तिथून उठलो आणि पॉलिक्लिनिकमधून पॅनलवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलच्या नावाने रेफरल करून घेतलं. तिथे मात्र आठवड्यात ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या कागदावर सही करताना पेशंटने भरायच्या रकमेसमोर शून्य होतं.

फिजिओथेरपीत एमएच सरस, असं माझं मत. वडिलांना तिथल्या हवालदाराने अक्षरशः परेड करायला लावली. खाजगीत पॅकेजचे दिवस मोजलेले, घरी लवकर पाठवतात.

थांबता येत असेल आणि पुण्यात कुणाकडे उतरायची सोय असेल, तर मी एमएच घेईन. दुखणं झोपू देत नसेल तर जवळचं पॅनलवरचं हॉस्पिटल, पण रेफरल हातात घेऊनच.

छातीत दुखायला लागलं तर मात्र हे सगळं विसरा. जवळचं हॉस्पिटल गाठा, पॅनलवरचं नसलं तरी. तसं असेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आधी तुम्हीच भरायचं, परतावा नंतर आणि तोही ठरलेल्या दरानेच. प्रत्येक पावती जपा, औषधांच्या दुकानातलीसुद्धा.