सरकता दरवाजा आणि मला घातलेली टोपी

आमची मिनीव्हॅन 2009 सालची. काट्यावर 1,80,000 किलोमीटर झालेत. दोन मुलं, सासूबाई, त्यांची घडीची चाकांची खुर्ची, दप्तरं असा सगळा बारदाना तिच्यात मावतो, म्हणून ती अजून दारात आहे. एवढ्या जुन्या गाडीचं काही ना काही वाजतच असतं. तेच माझ्या अंगाशी आलं. गाडी म्हातारी आहे म्हटलं की समोरचा जे सांगेल ते आपल्याला पटतं.

दुखणं डाव्या सरकत्या दरवाज्यापासून सुरू झालं. बटण दाबलं की तीनदा टीं-टीं करायचा आणि जागचा हलायचा नाही. हाताने ओढला तर चार बोटं सरकून कशाला तरी अडल्यासारखा थांबायचा. मध्येच दोन दिवस अगदी शहाण्यासारखा चालायचा, मग पुन्हा तेच. उजवा दरवाजा ठणठणीत. त्याच आठवड्यात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिवा इंजिनाचा आणि दरवाजा दरवाज्याचा, दोन्हीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

ज्या गॅरेजात गेले ते चकाचक होतं. मालकाने माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये हातात मावणारा छोटा स्कॅनर खोचला आणि पडदा माझ्यापुढे धरला. त्यावर पी 0455 असा कोड होता. "बघा ताई, कॉम्प्युटरच सांगतोय. दरवाज्याचं मॉड्यूल गेलंय, त्याने मोटरही ओढून नेली असणार. दोन्ही बदलावं लागेल." मॉड्यूल म्हणजे दरवाजा चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. मी पडद्याचा फोटो काढून ठेवला. संशय आला म्हणून नाही हो, नवऱ्याला पाठवायला.

तोवर त्याच्याकडचा एक पोरगा हातात फडकं घेऊन गाडीभोवती फिरत होता. टाकीच्या बाहेरच्या झाकणापाशी तो जरा रेंगाळला आणि त्यावर तळहात दाबला. मला वाटलं, पुसतोय.

मग मालकाने गाडी दोन हात पुढे-मागे घेतली. पार्किंगमधून रिव्हर्स टाकताना आमच्या गाडीला 'धडक्' असा धक्का बसतो, वर्षभर बसतोय. तो ऐकून त्याने चेहरा असा केला की घरात कुणी गंभीर आजारी आहे. "ताई, गिअरबॉक्स निघण्याच्या मार्गावर आहे. आत्ता ऑइल बदलून आतून साफ करून घेतलं तर वाचेल." फडक्यावरचा काळा डागही दाखवला. ते फडकं माझ्याच गाडीच्या ऑइलमध्ये बुडवलं होतं का, हे मी विचारलं नाही. अंदाजपत्रक तोंडीच. ॲडव्हान्स मात्र रोख.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेले. बटण दाबलं, दरवाजा सुर्रकन उघडला. पिवळा दिवाही विझला होता. धक्का अजून बसत होता, पण "नवीन ऑइल मुरायला हजार किलोमीटर लागतात" म्हणाला. जुनी मोटर बघायला मागितली तर एक ग्रीसने माखलेली मोटर लांबून दाखवली आणि "ही कंपनीला परत द्यावी लागते" म्हणून आत नेली. बिलावर एकच ओळ : दरवाजा व गिअरबॉक्स काम. मी पैसे दिले. दरवाजा तर चालत होता ना! खरी चूक माझी तिथेच झाली. दरवाजा चालतोय म्हणजे त्याने तो दुरुस्त केला, असं मी धरून चालले.

तीन आठवडे बरे गेले. मग एकदा पेट्रोल भरून निघाले, मुलांना घ्यायला शाळेपाशी थांबले आणि पुन्हा टीं-टीं-टीं. घरी सासूबाईंना उजवीकडून, रहदारीच्या बाजूने उतरवावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. पुढच्याच आठवड्यात पिवळा दिवाही परत आला.

त्या गॅरेजात फोन केला तर म्हणाला, आता दुसरं मॉड्यूल गेलं असेल, गाडी जुनी आहे ताई. तेव्हा कुठे डोळे उघडले. नवऱ्याच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गाडी नेली. आम्ही त्यांना काकाच म्हणतो.

काकांनी काहीही खोचलं नाही. आधी विचारलं, "पेट्रोल कधी भरलंत?" मग डाव्या बाजूला जाऊन टाकीच्या बाहेरच्या झाकणाकडे वाकून बघितलं. झाकण बसलेलं दिसत होतं, पण एका कडेला सुपारीएवढी फट होती. त्यांनी ते उघडलं. आत टाकीच्या टोपीची प्लॅस्टिकची दोरी टोपीच्या आट्यांखालीच चेंगरली होती आणि तिचा फुगलेला वेटोळा बाहेरच्या झाकणाला आडवा येत होता. टोपी पुरती बसत नव्हती, म्हणून झाकणाचा खटकाही कधी लागायचा, कधी नाही. काकांनी दोरी सोडवली, टोपी कट-कट-कट असा आवाज येईपर्यंत आवळली, झाकण दाबलं. खट्. मग मला म्हणाले, "आता बटण दाबा." दरवाजा उघडला. मला हसावं की रडावं कळेना.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी हे नीट समजून घ्या. टाकी ज्या बाजूला असते त्या बाजूचा सरकता दरवाजा मागे जाताना उघड्या झाकणावर आदळू नये म्हणून बऱ्याच मिनीव्हॅनमध्ये एक अडसर असतो. झाकण उघडं असेल तर एक खुंटी किंवा लिव्हर पुढे येऊन दरवाजा थोडासाच सरकू देते, आणि मोटरवाला दरवाजा असेल तर बटणही ऐकत नाही. झाकण नुसतं टेकलेलं असलं तरी गाडीच्या लेखी ते उघडंच. फक्त टाकीच्या बाजूचाच दरवाजा रुसत असेल तर आधी तिथे बघायचं. माझा उजवा दरवाजा महिनाभर ओरडून हेच सांगत होता.

आता तो कोड. माझ्या फोनमधला फोटो बघून काका खो-खो हसले. या कोडचं पहिलं अक्षरच सांगतं की तक्रार कुठली आहे. पी म्हणजे इंजिन आणि गिअर, बी म्हणजे बॉडी : दरवाजे, काचा, एअरबॅग. सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन वगैरे आणि यू म्हणजे मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं. दरवाज्याच्या मॉड्यूलची तक्रार पी ने सुरू होणारच नाही. शिवाय ते हातातले स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतात, दरवाज्याच्या मॉड्यूलशी ते बोलूच शकत नाहीत. आणि पी 0455 म्हणजे काय? पेट्रोलच्या वाफेच्या बंदिस्त नळ्यांमध्ये मोठी गळती. तिचं सगळ्यात साधं कारण : टाकीची टोपी नीट न बसणं. म्हणजे कॉम्प्युटर खरंच खरं बोलत होता. खोटं बोलला तो पडदा धरणारा. त्याने टाकीच्याच टोपीचा पुरावा दाखवून मला टोपी घातली!

दरवाजा त्या पोराने झाकणावर तळहात दाबला तेव्हाच सुटला असणार. दिवा इतके दिवस का विझला होता, तेही काकांनी सांगितलं. कोड पुसला की दिवा लगेच जातो. वाफेची तपासणी गाडी स्वतःहून करते, पण बऱ्याच गाड्यांत टाकी साधारण 15 ते 85 टक्के भरलेली असेल आणि गाडी काही तास थंड उभी राहिली असेल तेव्हाच, आणि दिवा लागायला तोच दोष सहसा दोन फेऱ्यांत सापडावा लागतो. तेवढी सवड फसवणाऱ्याला पुरते.

"मोटर तरी बदलली असेल का?" मी विचारलं. आमच्या गाडीत ही मोटर दरवाज्यात नाही, तिसऱ्या सीटच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणामागे आहे. काकांनी माझ्यासमोरच ते उघडलं. स्क्रूंच्या डोक्यांवर कारखान्यातली रंगाची खूण जशीच्या तशी. आत बोटभर धूळ, आणि त्या धुळीत धाकटीचा हिरवा खडू, तीन-चार वर्षांपूर्वी हरवलेला, उन्हाने वितळून पत्र्याला चिकटलेला. मोटरवरच्या चिठ्ठीवर साल : 2009. कुणी हात लावला नव्हता. मी सगळ्याचे फोटो काढले, खडूचासुद्धा.

गिअरबॉक्सचं तर आणखी सोपं निघालं. आमच्या गाडीला त्याची डिपस्टिक आहे (पुष्कळ नव्या गाड्यांना ती नसते). पुसून परत घालून काढली तर ऑइल गडद तपकिरी. आमच्या गिअरबॉक्सचं ताजं ऑइल लालभडक असतं आणि महिन्याभरात असं होत नाही. म्हणजे ऑइलही बदललं नव्हतं. मग काकांनी बॉनेट उघडून ठेवलं, हँडब्रेक लावला, मला ब्रेकवर पाय घट्ट दाबून ठेवायला सांगितलं, स्वतः बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "आता डी, आता रिव्हर्स." इंजिन अक्षरशः उडी मारत होतं. "फाउंडेशन गेलंय," म्हणाले. इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसवलेलं असतं त्यांना गॅरेजवाले फाउंडेशन म्हणतात. रबर फाटलं की गिअर टाकताना इंजिन आपटतं, आणि ऐकणाऱ्याला गिअरबॉक्सच निघाला असं वाटतं. ही चूक प्रामाणिकपणेही होऊ शकते हे मी मान्य करते. न बदललेल्या ऑइलचे पैसे घेणं मात्र प्रामाणिकपणात बसत नाही.

दरवाज्यात खरा दोष अजिबात नव्हता असंही नाही. काकांनी तो अर्धा उघडून मागच्या कडेला धरून वर उचलला, तर बोटभर हलला. मधल्या रुळात फिरणारा रोलर झिजलाय. असे तीन रोलर असतात, वर, खाली आणि मध्ये. मागच्या टोकाचा भार मधला उचलतो आणि आमच्या गाडीत तोच आधी झिजला. म्हणून दरवाजा बंद होताना शेवटच्या वितीत खरडतो. पहिल्या गॅरेजने रुळात चमचाभर घट्ट ग्रीस थापून 'सर्व्हिस' केली होती. त्यात वाळू बसून त्याची खरवड झाली होती, म्हणजे फुकटात आणखी नुकसान. काकांनी ते सगळं पुसून काढलं. बॅटरीही मोजली : इंजिन बंद असताना 12.1 व्होल्ट. चांगली भरलेली असेल तर 12.6 च्या आसपास हवी. बॅटरी उतरली की मोटरवाले दरवाजे सगळ्यात आधी कुरकुरतात, आणि मोटर बदलायला सांगणारे बॅटरी मोजत नाहीत. दरवाजा सरकताना सतत वाकणाऱ्या वायरी आतून तुटणं हाही या गाड्यांचा नेहमीचा रोग, पण तो आमच्याकडे निघाला नाही.

पुरावे घेऊन मी नवऱ्याला न घेता एकटीच त्या गॅरेजात गेले. मालकाने आधी ओळख दाखवली नाही. खडूचा फोटो बघून म्हणाला, "ताई, खडू नंतरही पडू शकतो." वितळून पत्र्याला चिकटलेला, बोटभर धुळीखालचा खडू, महिन्याभरात! मोटरच्या पैशांवर तो शेवटपर्यंत हटला नाही, कारण बिलावर 'मोटर' हा शब्दच नव्हता. एका ओळीचं बिल कशासाठी असतं ते तेव्हा कळलं. ऑइलच्या बाबतीत मी त्याला तिथेच, दोन गिऱ्हाइकांसमोर, डिपस्टिक ओढायला लावली. त्याचे पैसे त्याने मुकाट्याने परत केले. बाकीचे बुडाले.

आता गाडी दुरुस्तीला देण्याआधी मी बदलायच्या पार्टवर नेलपॉलिशचा ठिपका लावते. जुना पार्ट परत हवा हे काम सुरू होण्याआधी लिहून घेते, नंतर मागितला तर कुठलाही दाखवतात. प्रत्येक पार्ट आणि मजुरी बिलात वेगळी. कोड दाखवला तर त्याचं पहिलं अक्षर बघते. आणि दरवाजा रुसला तर घरीच आधी चार गोष्टी करते : टाकीचं झाकण दाबते, डॅशबोर्डवरचं दरवाज्यांचं मुख्य बटण चुकून बंद केलं गेलंय का बघते, गिअर पार्किंगमध्ये आहे ना बघते, आणि आतून उघडत नसून बाहेरून उघडत असेल तर दरवाज्याच्या कडेचा चाइल्ड लॉक. मागच्या महिन्यात तो धाकटीनेच लावून ठेवला होता.

रोलर आणि फाउंडेशन अजून बदलायचे आहेत. काका म्हणाले, घाई नाही, आधी बॅटरी बदला. सासूबाई हल्ली पेट्रोल भरून झालं की मागच्या सीटवरून विचारतात, "टोपी लावलीस का गं नीट?" आणि मी उतरून परत एकदा बघून येते.